उहुरा: तीन वर्षं फक्त 'हेलिंग फ्रिक्वेन्सीज ओपन'? निशेल निकोल्सने मालिका सोडायला हवी होती का?

कोकणकडा_७ (धागालेखक)
जुनी स्टार ट्रेक, म्हणजे ती अवकाशजहाजावरची अमेरिकन टीव्ही मालिका (एनबीसी चॅनल, १९६६ ते ६९, एकूण ७९ भाग), पुन्हा बघायला घेतलीय. दुसरा सीझन संपत आला आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना. कॅप्टन कर्क, स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय या त्रिकुटाला सगळं काही. स्कॉटीला निदान त्याचं इंजिन आहे. निशेल निकोल्सने केलेली उहुरा, जहाजाची संज्ञापन अधिकारी, काय करते? कानात ते चांदीचं बोंडूक घालून बसते, वळते, 'हेलिंग फ्रिक्वेन्सीज ओपन, कॅप्टन' (म्हणजे, लाइन उघडलीय, बोला) म्हणते आणि परत पाठमोरी. नुसती टेलिफोन ऑपरेटर.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. पहिला सीझन संपल्यावर निशेल निकोल्सने निर्माता जीन रॉडनबेरीच्या हातात राजीनामा ठेवला. शुक्रवार होता. तो म्हणाला, शनिवार-रविवार विचार कर. त्याच वीकेंडला ती एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या एका कार्यक्रमाला गेली. तिथे कोणीतरी सांगितलं, तुमचा एक चाहता भेटायला आलाय. वळून बघते तर मार्टिन ल्यूथर किंग! मालिका सोडतेय म्हटल्यावर ते म्हणाले, सोडायची नाही. सोमवारी हिने राजीनामा मागे घेतला.

गोष्ट म्हणून झकास. पण तिचं काय? ही बाई ड्यूक एलिंग्टन आणि लायोनेल हॅम्पटनच्या बँडबरोबर गायलेली, उत्तम नाचणारी, ब्रॉडवेकडे डोळे लावून बसलेली. समाजासाठी थांबली आणि पुढची दोन वर्षं तेच वाक्य म्हणत राहिली. माझं मत: सोडायला हवी होती. बोला.

नाठाळ_नारळ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. ट्रेकचा धागा शंभरी गाठल्याशिवाय राहत नाही.

मीठमिरची
पूर्ण असहमत. आज २०-२० च्या जमान्यात बसून १९६६ च्या मिनिटांचा हिशोब करू नका. त्या वेळी अमेरिकन टीव्हीवर काळी बाई म्हणजे बहुतेक वेळा कोणाच्या तरी घरची मोलकरीण. आणि इथे एक लेफ्टनंट, जहाजाच्या कॅप्टनपासून चार पावलांवर, आणि कोणीही त्याचं कौतुकही करत नाहीये की बघा बघा, आम्ही हिला इथे बसवलंय! ती आहे म्हणून आहे. किंग यांचा मुद्दा नेमका हाच होता.

व्हूपी गोल्डबर्गने कितीदा तरी सांगितलंय की लहानपणी उहुराला बघून ती घरभर ओरडत सुटली होती, टीव्हीवर काळी बाई आहे आणि ती मोलकरीण नाहीये! पुढे ऑस्करसाठी नामांकन मिळालेली नटी असूनही तिने 'नेक्स्ट जनरेशन' या नंतरच्या ट्रेक मालिकेत छोटी भूमिका स्वतःहून मागून घेतली. ती भूमिका म्हणजे गायनन.

रामभरोसे
मीठमिरची, मुद्दा मान्य, पण कोकणकडा वेगळं विचारतायत. मुलीने टीव्हीवर काय बघितलं ते सोडा, सेटवर बाईला काय मिळालं?

निकोल्सचं आत्मचरित्र १९९४ ला आलं, ते वाचलंय. पहिल्या सीझनला तिला बाकीच्यांसारखा करार नव्हता, रोजावर बोलवायचे. गंमत अशी की रोज लावल्यामुळे पैसे उलट बरे सुटायचे. पण पटकथा हातात यायची तेव्हा उहुराला पान-दीड पान असायचं आणि शूटिंगपर्यंत कात्री लागून दोन ओळी उरायच्या. त्यात स्टुडिओच्या टपालखात्यातल्या एकाने तिला गुपचूप सांगितलं की तुझ्या नावाने पोत्यांनी पत्रं येतात, ती तुझ्यापर्यंत पोचवायची नाहीत असा हुकूम आहे. राजीनाम्यामागे हे सगळं साचलेलं होतं, नुसती ब्रॉडवेची हौस नव्हती.

कोकणकडा_७
रामभरोसे, बघा, म्हणजे माझ्याच बाजूने बोललात की! ज्या घरात तुमची पत्रं लपवतात तिथे राहायचं कशाला?

चहाटळ
अवांतर: ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची ही. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. स्पॉकचे कान आणि तो सरकता दरवाजा एवढ्यावर आमचा अर्धा तास निघायचा आणि उरलेल्या अर्ध्या तासात आई आंघोळीला पिटाळायची.

सातासमुद्रापार
@चहाटळ, आणि त्यातला आपला माणूस म्हणजे खान नूनियन सिंग. उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं मालिकेतच म्हटलंय. नट मेक्सिकन, रिकार्डो मोंटलबान. पगडी फक्त जहाजावरच्या मॅकगिव्हर्सबाईंनी काढलेल्या त्याच्या चित्रात.

चहाटळ
हसून हसून पुरेवाट. खान पण आणि सिंग पण. एकाच माणसात फाळणी मिटवली.

ट्रंककॉल
बऱ्याच वर्षांची वाचनमात्र आहे, आज राहवलं नाही.

मी निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. 'नुसती टेलिफोन ऑपरेटर' हे वाक्य सासरी-माहेरी इतकं ऐकलंय की कोकणकडा यांना नमस्कार करून सांगते, परगावचे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डावर एक रात्रपाळी करून बघा. दोन्ही हातांत कॉर्ड, कानावर हेडसेट, समोर दिवे लुकलुकतायत, एकीकडे तिकिटावर वेळ टाकायची. ऑर्डिनरीवाला तासभर ताटकळलेला, त्यात अर्जंट येतो, त्यात लाइटनिंग येतो की बाकी सगळं बाजूला. सरळ लाइन मिळत नसेल तर दुसऱ्या गावावरून फिरवून लावायचा. तिकडचा आवाज खरखरीत, इकडचा माणूस ओरडतोय, आणि दोघांना एकमेकांचं कळत नसलं की मधलं वाक्य आपण उचलून सांगायचं. 'थ्री मिनिट्स ओव्हर' म्हणताना पलीकडे रडणं चालू असायचं कधी कधी. गावातल्या मयताची बातमी घरच्यांच्या आधी आम्हाला.

म्हणून सांगते, निकोल्स ते कानातलं कसं धरते ते बघा. मान एका बाजूला जराशी कलती, बोटं कानाशी, आणि नजर समोर असून कशावरच नाही. पलीकडचा आवाज तुटक येत असला की माणूस अस्साच दिसतो. मग एकदम भुवई हलते, म्हणजे शब्द लागला. आणि त्यानंतरच ती कॅप्टनकडे वळते. पटकथेत यातलं काही नसणार, तिथे फक्त 'फ्रिक्वेन्सी ओपन' लिहिलेलं असणार. पुठ्ठ्याच्या बोर्डापुढे बसून, कानात काहीही आवाज येत नसताना ऐकण्याचा अभिनय करायचा, तोही कॅमेरा दुसऱ्यावर असताना. मी हा अभिनय बघितला आणि मला आमच्या एक्स्चेंजमधल्या मोठ्या बाई दिसल्या.

मीठमिरची
ट्रंककॉल ताई, उभं राहून टाळ्या. लिहीत जा हो!

नाठाळ_नारळ
वाचनखूण साठवली आहे. वेगळा धागा काढा एक्स्चेंजच्या आठवणींचा, प्लीज.

गोदाकाठची
ट्रंककॉल ताईंच्या प्रतिसादानंतर मुद्दाम 'द चेंजलिंग' हा भाग पुन्हा पाहिला. त्यात नोमॅड नावाचं यंत्र जहाजावर येतं, उहुरा गुणगुणतेय ते त्याला ऐकू येतं, गाणं म्हणजे काय ते त्याला समजत नाही, म्हणून तिची सगळी स्मृती पुसून टाकतं. मग नर्स चॅपल तिला पहिलीच्या पुस्तकासारखं वाचायला शिकवते आणि ती अडखळली की वैतागून स्वाहिलीत बोलते. हा शेवटचा तुकडा मला फार आवडतो. सगळं गेलं तरी पहिली भाषा राहिली. पण शेवटाला तिची स्मृती दोन वाक्यांत 'येईल परत आठवडाभरात' म्हणून उडवून लावलीय. हाच प्रसंग स्पॉकवर आला असता तर दोन भाग काढले असते.

रामभरोसे
गोदाकाठची +१. 'मिरर, मिरर' हा भाग विसरू नका. समांतर विश्वातल्या त्या लंपट सुलूला ती बरोबर खेळवते आणि नंतर तिथल्याच मार्लेना नावाच्या बाईच्या हातातलं हत्यारही काढून घेते. आणि हो, सीझन दोनमधला, म्हणजे राजीनामा मागे घेतल्यानंतरचा. कोकणकडा, 'पुढची दोन वर्षं तेच वाक्य' हे तितकंसं खरं नाही.

पेंडभजी
कोणी चुंबनाबद्दल बोलणार आहे की नाही? अमेरिकन टीव्हीवरचं पहिलं कृष्ण-गौर चुंबन! कर्क आणि उहुरा!

हिशोबनीस
आलंच हे. पेंडभजी, 'पहिलं' म्हणताना जरा थांबा. ते चुंबन असलेला भाग, 'प्लेटोज स्टेपचिल्ड्रन', दाखवला गेला २२ नोव्हेंबर १९६८ ला. त्याच्या वर्षभर आधी कृष्णवर्णीय गायक सॅमी डेव्हिस ज्युनियरने गोऱ्या गायिका नॅन्सी सिनाट्राचा मुका घेतला होता तिच्या कार्यक्रमात, गालावर का होईना. ब्रिटिश टीव्हीवर तर साठीच्या सुरुवातीलाच होऊन गेलं होतं. आणि आशियाई नट्या धरल्या तर विल्यम शॅटनरनेच, म्हणजे आपल्या कर्कनेच, १९५८ ला फ्रान्स नुयेनचं चुंबन टीव्हीवर घेतलं होतं. म्हणजे शॅटनरचा विक्रम शॅटनरनेच आधी मोडलेला.

पेंडभजी
हिशोबनीस, तुमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तुम्ही मुहूर्त तपासत होतात ना, खरं सांगा. (दिवे घ्या)

हिशोबनीस
घेतले. मुहूर्त दोन मिनिटांनी चुकला होता.

सातासमुद्रापार
विक्रमाचं सोडा, सेटवरची हकिगत भारी आहे. दक्षिणेतली स्टेशन्स बिथरतील म्हणून एनबीसीला चुंबन नसलेला टेकही हवा होता. दोन्ही टेक घ्यायचे, मग ठरवू. शॅटनरने दुसऱ्या टेकला ऐनवेळी डोळे तिरळे केले. संपादनाला बसल्यावर कळलं की चुंबन नसलेला टेक वापरण्यासारखाच नाही. निकोल्सने हे फार रंगवून सांगितलंय. भाग गेला आणि चाहत्यांची पत्रं मालिकेला क्वचितच आली असतील एवढी आली, बहुतेक कौतुकाची. दक्षिणेतल्या एका गोऱ्या गृहस्थाचं पत्र ती नेहमी सांगायची: वंशांनी मिसळणं मला मंजूर नाही, पण कर्कसारख्या गड्याच्या मिठीत उहुरासारखी सुंदरी आली तर तो थोडाच नको म्हणणार!

संदर्भ लक्षात ठेवा. आंतरवंशीय लग्नावरची बंदी घटनाबाह्य आहे असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ते जून १९६७ मध्ये. म्हणजे जेमतेम दीड वर्षापूर्वी.

गोदाकाठची
पण त्या भागातलं ते चुंबन दोघांच्या मर्जीविरुद्ध आहे हे कोणीच कसं बोलत नाही? ते प्लेटोनियन लोक मनाच्या शक्तीने त्यांना कठपुतळ्यांसारखं नाचवतात. म्हणजे एकमेकांना हवंय म्हणून नाही, परग्रहावरच्या टग्यांना गंमत हवीय म्हणून. क्रांती करायची पण जबाबदारी परग्रहवासीयांवर ढकलायची. मला तरी त्या चुंबनापेक्षा त्याच्या आधीचं तिचं बोलणं जास्त लागतं, तिला भीती वाटतेय आणि कर्ककडे बघून तिला धीर येतो हे.

मीठमिरची
हे पटलं. तिथे ती खरंच अभिनय करते.

बाभूळबन
मला तो मिनिस्कर्ट खटकतो बाकी. तेविसाव्या शतकात अवकाशात बायका एवढुश्या कपड्यात?

ट्रंककॉल
बाभूळबन, निकोल्सला स्वतःला खटकत नव्हता. त्या काळात तरुण मुली रस्त्यावरही तेच घालत होत्या आणि त्यांना त्यात मोकळेपणा वाटायचा, असं तिचं म्हणणं. मी पहिल्यांदा बिनबाह्यांचं ब्लाऊज घालून पाळीला गेले त्या दिवशी झालेला गहजब आठवतो मला. घालायला बंदी होती तेव्हा घालणं हे धाडस, घालायची सक्ती झाली की जाच.

हिशोबनीस
रच्याकने, सुरुवातीच्या भागांत उहुराचा गणवेश कर्कसारखा सोनेरी आहे. लाल नंतर झाला.

नाठाळ_नारळ
लाल घालूनही ७९ भाग जिवंत राहिली. या मालिकेत पटापट मरणाऱ्या लाल शर्टवाल्यांत हा खरा विक्रम.

रामभरोसे
बायकांचा विषय निघालाय तर मूळ पायलटमध्ये, म्हणजे चॅनलला दाखवायच्या नमुना भागात, जहाजाची उपप्रमुख बाईच होती, मॅजेल बॅरेटने केलेली. चॅनलने तो पायलट परत पाठवला. बाई अधिकारपदावर नको होती असं रॉडनबेरी आयुष्यभर सांगत आला. सोलो आणि जस्टमन हे मालिकेच्या निर्मितीतले त्याचेच सहकारी, त्यांनी नंतर लिहिलं की चॅनलची हरकत बाईला नव्हती, निर्मात्याने आपल्या मैत्रिणीला मोठी भूमिका दिली याला होती. पुढे बॅरेट नर्स चॅपल झाली आणि मिसेस रॉडनबेरीही झाली. दुसरीकडे ग्रेस ली व्हिटनी, म्हणजे कर्कची सहायक यिओमन रँड. तिला पहिल्या सीझनच्या मध्यातच काढून टाकलं. या पार्श्वभूमीवर तीनही सीझन आपल्या खुर्चीवर टिकून राहिलेली बाई बघा.

किंग यांची गोष्ट आपल्याला निकोल्सच्या तोंडून कळलेली आहे हेही ध्यानात असू द्या. मी खोटी म्हणत नाही. पण ती सांगण्यात पटाईत होती, आणि मालिकेने जे दिलं नाही ते तिने सांगून सांगून मिळवलं.

सातासमुद्रापार
सांगून नाही हो, करून! नासाचं कोणीच कसं काढत नाही? १९७७ ला नासाला स्पेस शटलसाठी अंतराळवीर हवे होते आणि बायका, कृष्णवर्णीय अर्जच करत नव्हते. निकोल्सने एका भाषणात नासाला चारचौघांत सुनावलं की तुमच्या दळात माझ्यासारखं दिसणारं कोणी नाही. नासा म्हणाली, मग तुम्हीच आणा. तिने आपल्या कंपनीतर्फे कंत्राट घेतलं आणि देशभर विद्यापीठं, संस्था पालथ्या घातल्या. निळा फ्लाइट सूट घालून जाहिरातपटही केला. एकूण आठ हजारांवर अर्ज आले. जानेवारी १९७८ ला ३५ जण निवडले, त्यात सहा बायका, तीन कृष्णवर्णीय आणि एक आशियाई वंशाचा. सॅली राइड, गाय ब्लूफर्ड त्यातलेच.

हिशोबनीस
सगळं श्रेय तिला देऊ नका. सॅली राइडने जाहिरात वाचली ती स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात. आणि भरतीत बायकांना घ्यायचं हे नासाने आधीच ठरवलं होतं.

सातासमुद्रापार
मान्य. दार उघडलं नासाने. पण आजवर हाकलूनच दिलेल्या लोकांना 'या' म्हटलेलं खरं वाटायला ओळखीचा चेहरा लागतो. तो तिचा होता.

त्या ३५ पैकी चौघे, स्कोबी, रेझनिक, ओनिझुका आणि मॅकनेर, २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजरवर गेले. निकोल्सला ते फार लागलं.

मीठमिरची
आणि मे जेमिसन! १९९२ ला अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. एंडेव्हर यानातून आपली पाळी सुरू करताना म्हणायची, 'हेलिंग फ्रिक्वेन्सीज ओपन'. कोकणकडा, तुमचं तेच रटाळ वाक्य बरं का. पुढच्याच वर्षी 'नेक्स्ट जनरेशन'च्या एका भागात तीही दिसली, खरी अंतराळवीर मालिकेत.

बाभूळबन
अवांतर, पण इतका वेळ कोणीच पर्सिस खंबाटाचं नाव घेतलं नाही? आपल्या मुंबईची. १९६५ ची मिस इंडिया. आधी तिला 'फेज टू' नावाच्या नव्या ट्रेक मालिकेसाठी घेतलं होतं, मालिका बारगळली आणि १९७९ ला चित्रपट झाला. त्यासाठी तिने डोक्याचा पूर्ण चमनगोटा केला. जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे नियंत्रणकक्षात, उहुरा आणि आपली पर्सिस एका फ्रेममध्ये!

चहाटळ
आमच्या गल्लीत तेव्हा तिच्या फोटोवरून भांडणं व्हायची. वडील म्हणायचे, तिरुपतीला गेली असेल.

गोदाकाठची
पर्सिसचा वेगळा धागा हवा. १९८० ला ऑस्करच्या मंचावर पुरस्कार द्यायला उभी राहिलेली भारतीय बाई, आणि १९९८ ला मुंबईत गेली तेव्हा पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

कोकणकडा_७
सगळं वाचलं. नासा, जेमिसन, सगळं कौतुकाचं. पण नीट बघा, यातलं जे जे मोठं आहे ते तिने मालिकेबाहेर केलंय. मालिका १९६९ ला बंद पडली, नासा १९७७ ला. मालिकेने तिला एक चेहरा दिला आणि पत्रंसुद्धा लपवली. चित्रपटांतही काय? सहाव्या चित्रपटात जहाजाची संज्ञापन अधिकारी जाडजूड पुस्तकं चाळत परग्रहवासी क्लिंगॉनांची भाषा मोडकीतोडकी बोलते. विनोद म्हणून! निकोल्सने त्या प्रसंगाला हरकत घेतली होती. पंचवीस वर्षं त्या खुर्चीवर बसलेल्या बाईला ती भाषा येणार नाही? ट्रंककॉल ताई, तुम्हीच सांगा.

ट्रंककॉल
येणारच. आम्हाला लाइनवर ऐकून ऐकून कामापुरती कानडी, तेलुगू, गुजराती यायची. पुस्तक उघडायला हात मोकळा कुणाचा होता!

पण कोकणकडा, तुमचं गणित मला पटत नाही. ती १९६७ ला सोडून गेली असती तर ज्या भाषणात तिने नासाला सुनावलं तिथे तिला बोलावलं कुणी असतं? नोकरीत मान मिळत नाही म्हणून सोडून जाणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्यात, त्यांचंही बरोबर होतं. मी थांबले. थांबलेल्या बाईला भोळी समजू नका एवढंच. ती खुर्ची आपली आहे हे तिला पक्कं माहीत असतं.

रामभरोसे
दोघांचं मिळून उत्तर होतं खरं तर. तिला मालिकेची गरज होती तेवढीच मालिकेला तिची, फक्त पगारपत्रकावर ते दिसत नव्हतं. १९७३ च्या अ‍ॅनिमेटेड मालिकेच्या वेळी पैसे वाचवायला निकोल्स आणि सुलू करणारा टाकेई यांना वगळायचं चाललं होतं. स्पॉक करणारा लेनर्ड निमॉय अडून बसला, हे दोघं नसतील तर मीही नाही. तेव्हा त्यांना घेतलं.

पेंडभजी
स्पॉकने केलेला सर्वात तर्कशुद्ध युक्तिवाद.

हिशोबनीस
आणि त्याच अ‍ॅनिमेटेड मालिकेत तिला जहाजाचा ताबा मिळाला, 'द लॉरेलाय सिग्नल'मध्ये. एका ग्रहावरच्या बायका जहाजावरच्या पुरुषांना भुरळ घालतात आणि त्यांचं आयुष्य शोषून घेतात. सगळे पुरुष निकामी. तेव्हा उहुरा थेट जाहीर करते की मी कमांड घेतेय, आणि बायकांची तुकडी घेऊन खाली उतरते. ७९ भागांत एकदाही जे दाखवलं नाही ते कार्टूनमध्ये.

कोकणकडा_७
हा भाग पाहिलेला नाही. कुठे मिळेल?

हिशोबनीस
पहिल्या सीझनमधला आहे. चित्रं जेमतेम हलतात, तेवढं सांभाळून घ्या. आवाज तिचाच आहे, आणि त्यात इतर बऱ्याच बायकांचेही आवाज तिने आणि मॅजेल बॅरेटने मिळून काढलेत. बजेट कमी होतं.

नाठाळ_नारळ
म्हणजे कमांड दिली ती दिली, वर चार बायकांचं कामही करून घेतलं.

ट्रंककॉल
पगार एकीचाच ना? मग बरोबर आहे, आमच्याच खात्यातली.